बिनमायेचा ड्रेस

वहिनीने चव्वेचाळिसाव्या वर्षी कॉलेजात नाव घातलं, तेव्हा मी पोट धरून हसले. ते हसणं पुढे मला चांगलंच महागात पडलं, म्हणून आधीच कबूल करून टाकते.

कॉलेज नर्सिंगचं. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि वयाची अट पंचेचाळीस. या वर्षी नाही तर कधीच नाही, असं ती म्हणाली. मी म्हटलं, या वयात माणसं दवाखान्यात जातात ती पलंगावर झोपायला. ती दाराजवळच्या चपला सरळ करत राहिली. घाबरली की ती वस्तू सरळ करते. त्या दिवशी घरातल्या सगळ्या चपला शिस्तीत ओळीने उभ्या होत्या.

ती माझ्या धाकट्या भावाची बायको, माझ्याहून अठरा वर्षांनी लहान. पण भावाच्या बायकोला नावाने हाक मारणं मला कधी जमलं नाही, म्हणून वहिनी. भाऊ मालवाहू बोटीवर इंजिन सांभाळतो, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. त्यांची मुलगी नोकरी लागून दुसऱ्या गावी गेली. उरलो आम्ही दोघी. मी टपाल कचेरीत पार्सलच्या काट्यामागे एकतीस वर्षं बसले आणि निवृत्त झाले. कोणाला एक ग्रॅम इकडचा तिकडे करू दिला नाही. जिभेलाही तीच सवय लागली, जे दिसेल ते तोलून तोंडावर सांगायचं.

वहिनी शिवणकाम करते. रस्त्याकडच्या खोलीत तिचं मशीन, कापायचं लांब टेबल आणि तयार कपडे टांगायची दोरी. गळ्यात टेप, तो आंघोळीपुरता उतरतो. हल्ली नवं शिवायला फारसं कोणी येत नाही, लोक तयार कपडे आणतात आणि लांबी कमी करायला हिच्यापुढे टाकतात. "दुसऱ्यांच्या पँटी आखूड करता करता माझंच आयुष्य आखूड व्हायला लागलंय," असं ती एकदा म्हणाली होती. नवं काम उरलं होतं ते दवाखान्याचं, रोग्यांच्या गाऊनचं. गठ्ठा पोचवायला जायची ती वॉर्डात अर्धा दिवस घालवून यायची. तिथल्या मोठ्या सिस्टरनेच तिला या कोर्सचं सांगितलं.

आता तिच्या धंद्यातल्या दोन गोष्टी सांगते. पहिली म्हणजे माया. कापड कापताना मापाच्या बाहेर बोटभर जास्त ठेवतात, ती माया. ती शिवणीच्या आत दडलेली असते. माणूस अंगाने भरलं की शिवण उसवायची आणि माया मोकळी करायची, कपडा पुन्हा बसतो. वहिनीचा हात मायेला सढळ. दुसरी गोष्ट, गिऱ्हाईकाला त्याचं माप मोठ्याने सांगायचं नाही. आकडा ऐकला की माणूस दुखावतं, असं तिचं म्हणणं. टेप लावायचा, ओठ मिटून आकडा वहीत लिहायचा आणि वही बंद. माझंही माप ती तसंच घ्यायची. "तेच ना, चौतीस?" मी विचारायची. "तेच, वन्सं," ती म्हणायची. बावीस वर्षांत माझी कंबर सूतभर हलली नाही, हे मी अख्ख्या गल्लीला ऐकवून झालं होतं.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली तर सगळ्या पोरी उठून उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं मॅडम आल्या. ही घाबरून उलट्या पावली बाहेर आली आणि खऱ्या मॅडम येईपर्यंत जिन्यात उभी राहिली. ते ऐकून मी पुन्हा हसले. पण तिचं घाबरणं ओसरेना. पिशवी पाच वेळा तपासायची, घास तोंडात घोळवत बसायची. पाठांतर राहत नव्हतं म्हणून तिने अस्तराच्या चिंध्यांवर खडूने औषधांची नावं लिहिली आणि दोरीला टांगली. गिऱ्हाईकांच्या पँटींच्या मधून औषधं लोंबत होती. हातात शिवण आणि नजर दोरीवर, असं करत तिने लेखी परीक्षा काढली, ती चांगल्या गुणांनी. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

घोडं अडलं प्रॅक्टिकलला. लहान मुलीचं वजन सांगून औषध किती द्यायचं ते काढायचं, तेवढं सिरिंजमध्ये भरायचं आणि आकडा मोठ्याने वाचून दाखवायचा. पलंगावर मुलीच्या जागी रबरी बाहुली. वहिनीने हिशेब अचूक केला, साडेतीन मिली. सिरिंजमध्ये भरले चार. आणि वाचून दाखवायच्या वेळी ओठ मिटून कागदावर लिहिलं, साडेतीन. मॅडमनी सिरिंज उजेडात धरली आणि हे जास्तीचं कशासाठी, म्हणून विचारलं. हिच्या तोंडून निघून गेलं, "थोडी माया ठेवली."

पोरी हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. "बाई, हे लेकराचं अंग आहे, कापड नाही," त्या म्हणाल्या. "जास्तीचं गेलं की उसवून काढता येत नाही."

नापास. तीन आठवड्यांनी एक संधी, शेवटची. तीही गेली तर नाव कमी, आणि पुढच्या प्रवेशापर्यंत हिची पंचेचाळिशी उलटलेली. हे सांगताना ती टेबलावरच्या कात्र्या मोठीपासून लहानीपर्यंत लावत होती. मग म्हणाली की आपल्याला नापास होण्याची भीती नाही, भीती वेगळीच आहे. आपण चार भरले हे आपल्याला कळलंच नव्हतं. हात आपणहून पुढे गेला. उद्या बाहुलीच्या जागी खरं मूल असलं तर?

यावर मी काय म्हणावं? मी म्हटलं, मग सोडून दे. जिभेला हाड नाही म्हणतात ते खोटं नाही.

तिने सोडलं नाही. हाताची सवय मोडायची तर मुळापासून मोडायची, असं ठरवून ती शिवणातही माया सोडेनाशी झाली. रेघ आखायची आणि रेघेवरच कात्री चालवायची. एक केसही बाहेर नाही. त्या आठवड्यात टेबलावर होता तो माझा ड्रेस, गडद निळा, भाचीने पाठवलेल्या कापडाचा. मी तो घालायला गेले तर हात घालतानाच घाम फुटला. बटणं लागली, पण श्वास घ्यायची सोय उरली नाही. रेघेवर कापलेलं, त्यात चारी बाजूंनी शिवणीने अर्धा अर्धा इंच खाल्लेला. मी बाहेर येऊन तिला नको नको ते बोलले. नर्स तर होत नाहीसच, आता शिवताही येईना, तेलही गेलं नि तूपही गेलं, असं सगळं. वर विचारलं, "चौतीस माप आहे माझं, बावीस वर्षांचं, तेही विसरलीस?"

तिने ड्रेसची बाजू उलटी करून बघितली आणि हळूच म्हणाली, "वन्सं, हा उसवून सैल करता येणार नाही. यात मायाच नाहीये." मग मशीनवर डोकं टेकून रडली. तिला रडताना मी तोवर बघितलं नव्हतं.

मी रागारागात कपाटाकडे गेले. तिच्यापुढे जुना ड्रेस टाकून म्हणणार होते, बघ, हा कसा बसतो. तो उलटा केला आणि खिडकीशी धरला. शिवणीच्या आत बारीक भोकांची एक ओळ होती, उसवलेल्या जुन्या टाक्यांची. तिच्या बाहेर दुसरी ओळ. तिच्याही बाहेर तिसरी, आणि आत्ताची शिवण अगदी काठावर. मी दुसरा ड्रेस काढला. तिसरा काढला. सगळ्यांत तेच. बटण लावून देते, इस्त्री करून देते म्हणून ती माझे कपडे घेऊन जायची ना, तेव्हाचं ते काम. एकतीस वर्षं काट्यामागे बसलेली मी, आणि मला माझंच वजन ठाऊक नाही. लाज वाटली, आणि तिच्यावर इतका जीव आला की मी कपाटाचं दार उगाच दोनदा आपटलं.

तिला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून तिच्यापुढे स्टुलावर बसायला लागले. भांड्यात पाणी आणि तिच्या हातात सिरिंज. मी वजनं सांगायची, नऊ किलो, साडेबारा किलो, ती भरायची. पाठ मशीनकडे करून बसली की हात बहुतेकदा रेषेवर थांबायचा. पण मोठ्याने वाच म्हटलं की ओठ मिटायचे. "बोल की," मी म्हणायची. ती मान हलवायची, आकडा घशाशी यायचा आणि परत जायचा. दहातल्या तीन वेळा तरी हात अजून अर्धी रेघ पुढे जात होता.  परीक्षा तिची आणि जेवण मला जाईना.

परीक्षेच्या दिवशी मी तो निळा ड्रेस घातला. वहिनी दारातच थबकली. मी म्हटलं, "मी बाहेर बाकावर बसणार आहे. हात पुढे गेला की माझ्याकडे बघ. या ड्रेसात माया नाही, एवढंच लक्षात ठेव." ती नको नको म्हणत होती. मी ऐकते थोडीच. परीक्षेच्या खोलीबाहेर तिने गळ्यातला टेप काढून माझ्या गळ्यात घातला. 

दाराला काचेची चौकट होती. आतलं दिसायचं, ऐकू यायचं नाही. मॅडमनी कागद दिला. तिने हिशेब केला, तीन वेळा तपासला, पेन कागदाला समांतर ठेवलं, रबर पेनाला समांतर ठेवलं. मग सिरिंज उचलली. दट्ट्या मागे ओढला, हात थांबला आणि मग सरावात बघितलेल्या त्याच चालीने आणखी जरासा मागे सरकला.  मी उठून काचेसमोर गेले आणि बुजगावण्यासारखे दोन्ही हात पसरले. ही कॉपी होते की काय मला ठाऊक नाही, आणि मी विचारलंही नाही. काखेपासून कमरेपर्यंत ड्रेस टर्रकन फाटला. कॉरिडॉरमधली दोन माणसं वळून बघायला लागली.

वहिनीने मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, फाटलेल्या शिवणीकडे पाहिलं. मग खाली बघून दट्ट्या हळूहळू आत सारला आणि थांबली. मॅडम वाट बघत होत्या. वहिनीचे ओठ मिटलेलेच. मी हात खाली घ्यायचं विसरले होते. मग ते ओठ उघडले. काचेतून मला फक्त त्यांची हालचाल दिसली. मॅडमनी सिरिंज उजेडात धरली, काहीतरी लिहिलं आणि मान डोलावली.

ती बाहेर आली ती भिंतीला टेकून उभी राहिली. "अडीच," ती म्हणाली. "अडीच म्हणाले, वन्सं. पास." मला रडू येत होतं आणि एका हाताने ड्रेस धरून ठेवावा लागत होता. तिने पर्समधून सेफ्टी पिना काढल्या आणि तिथेच बाकाजवळ गुडघ्यांवर बसून माझी बाजू जुळवायला लागली. चार पिना लावल्या, तरी बोटभर फट राहिलीच.

"हा गेला," ती म्हणाली. "नवा शिवते."

"माप घे मग," मी म्हटलं. "आत्ता. आणि मोठ्याने सांग."

तिने वर बघितलं. माझ्या चेहऱ्यावर तिला काय दिसलं कोण जाणे, पण मी कपाटातल्या शिवणी बघितल्याचं तिला कळलं. तिने माझ्या गळ्यातला टेप काढला, कमरेभोवती फिरवला, आकड्यावर अंगठा ठेवला. ओठ मिटले. मी थांबले.

"साडेएकोणचाळीस," ती म्हणाली.