मुळ्याची फुलं, अबोलीच्या कुंड्या

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही – बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीटसं कळत नाही.

जयनगरमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी भाज्या लावतो. एकदा मुळा काढायचा राहून गेला आणि त्याला तुरा आला – पांढरी, कडेला जांभळट फुलं. त्यावर मधमाश्या आल्या. मग कोथिंबीरही तशीच सोडली. तिच्यावर आणखी बारीक माश्या. या मुळ्याकडे का जात नाहीत? शेंगा धरल्या की पोपटांना कोण कळवतं? मला हिशेबाची सवय. रोज सकाळी बसून कुठल्या रोपावर किती, ते बघायचो.

शेजारच्या कुंड्या सरोजाक्कांच्या. पहिल्या मजल्यावर राहतात, मूळच्या निपाणीच्या. देवाला आणि स्वतःच्या केसांत माळायला त्या अबोली लावायच्या. मला चिडवायच्या, "काय ओ, मुळा खायला लावलाय की पुजायला?"

मग गच्चीवर खेळणाऱ्या एका मुलीला मधमाशी चावली. हात चांगलाच सुजला. रहिवाशांची बैठक भरली – माश्या येतात कशावर? सगळे माझ्याकडे बघू लागले. इमारतीचे हिशेब मीच ठेवतो. माझा शब्द कोणी तपासत नाही.

मी म्हणालो, "माझ्या तर भाज्या आहेत."

एवढंच. यात खोटं काय? – शब्द एकही नाही. आणि तरी सगळंच खोटं. अबोलीवर मी क्वचित फुलपाखरू पाहिलं होतं. माशी जवळजवळ नाहीच. पण फुलं म्हटल्यावर प्रत्येकाला अक्कांच्याच कुंड्या आठवल्या. आठवू दिल्या मी. भीती कसली होती? मुळा उपटावा लागला असता – बी धरायच्या आत.

कुंड्या खाली न्यायचं ठरलं. अक्का भांडल्या नाहीत. "पोरीला चावलं न्हवं? सरी, बरं, नको मग." कुंड्या खाली न्यायला मीच हात लावला. "स्वल्प हळू ओ, मुळं हलतील," त्या जिन्यात मागून सांगत होत्या. त्यांच्या घरात ऊन येत नाही. अबोली गेली. आता त्या कोपऱ्यावरच्या गाडीवरून गजरा घेतात.

कुंड्या उतरवल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेलो. माश्या होत्या तेवढ्याच होत्या, मुळ्यावर. मी खुर्ची जवळ ओढली आणि बघत बसलो – आणि मला मजा वाटत होती.