मार्चअखेरचा माज

चामोर्शीहून घोटकडे जाताना आमचं गाव लागतं. तिथं बकरी अडली, बैलाचं पोट फुगलं, की लोक आधी सरिताच्या दारात येतात. जनावरांच्या दवाखान्याचा डिप्लोमा करून ती गावी परतली तेव्हा सरकारी भरतीच्या आशेवर होती. भरती निघालीच नाही. वडील रामाजी लवकर वारलेले, आई अंजनाबाई दुसऱ्यांच्या धानात राबून घर चालवायची. मग एका संस्थेने सरिताला पशुसखी म्हणून घेतलं. मानधन नावापुरतं, पण गळ्यात ओळखपत्र आलं, हातात औषधांची पेटी आली. विहाराकडच्या वस्तीतली आपली पोर आता गावातल्या कुणाच्याही गोठ्यात सरळ आत जाते, याचं अंजनाबाईला फार अप्रूप होतं. सरितालाही होतं, पण ती तसं दाखवत नसे.

गावाबाहेरच्या मुरमाड टेकाडावर पोचू या कुरमार मेंढपाळाचं घर आणि त्याला लागून काट्याकुट्यांचा मेंढवाडा. पोचू आणि त्याची बायको रुखमाबाई, दोघंही मेंढ्यांमागेच म्हातारपणाकडे झुकलेले. त्यांच्या मेंढ्या मृगानंतर कोवळं गवत फुटलं की माजावर यायच्या, आणि धान कापून बांध्या, म्हणजे धानाची शेतं, मोकळ्या झाल्या की व्यायच्या. तेव्हा बांधीत चारा असतो, हवा कोरडी असते, मेंढीला दूध असतं. एरवी नराने वेळेआधी मेंढीवर चढू नये म्हणून पोचू त्याच्या पोटाखाली गोणपाटाचा तुकडा बांधून ठेवायचा.

थंडी सरत आली तेव्हा संस्थेचे डॉक्टर धनराज यांनी पशुसखींना चामोर्शीला बोलावून नवी योजना सांगितली. मेंढीला वर्षात एकदाच नव्हे, मोसमाबाहेरही गाभण ठेवता येतं. सरिता पुढच्या रांगेत बसली होती. दिवस लहान-मोठे झाले, चारा वाढला किंवा आटला, की त्याची खबर मेंढीच्या मेंदूला लागते. मेंदू हार्मोन सोडतो किंवा आवरून धरतो. त्यावर माज ठरतो, हे डॉक्टरांनी फळ्यावर आकृती काढून समजावलं. तिला ते मनापासून आवडलं. बाहेर पडताना तिने विचारलं, “सर, आता गाभण राह्यल्या तर ऐन पावसात व्यातील ना?”

“हो. म्हणून शेड देणार आहोत, पेंडही देणार आहोत,” डॉक्टर म्हणाले. “पण औषध मार्चअखेरच्या आत वापरायचं आहे. नाही वापरलं तर निधी परत जातो.”

दुसऱ्या दिवशी सरिता टेकाडावर गेली.

“आता कुठी माजावर येतीन बाई? गवत तं वाळून गेलं,” पोचू म्हणाला.

“तेच तं सांगून राह्यली, पोचूभाऊ. हा दवाईचा स्पंज मेंढीच्या मागून आत ठेवला का तिच्या अंगाले वाटते, आपण गाभण हावो. दोन हप्त्यानं काढला का ते बंधन सुटते. वरून एक सुई टोचली का ते माजावर येते.”

“सुई कायची?”

“गाभण घोडीच्या रक्तातून काढते ते औषध.”

रुखमाबाई घोंगडीची लोकर पिंजत बसली होती. तिने मान वर न करता विचारलं, “अन् व्यातीन कवा?”

“श्रावणात.”

“श्रावणात कोकरं ठेवू कुठी? इथी माणसालेच कोरडी जागा भेटत नाई.”

“शेड देऊन राह्यले ना रुखमाबाई. डॉक्टर सायबानं सोता सांगतलं मले. पेंड बी देतीन.”

रुखमाबाई नवऱ्याकडे पाहू लागली.  पोचू म्हणाला, “तू म्हणतं तं ठेव.” सरकारी गाडीतून आलेल्या कुणाला त्याने हे म्हटलं नसतं. सरिताने त्याच्या अडलेल्या मेंढ्या मनगटापर्यंत हात घालून सोडवल्या होत्या.

तिने काम चोख केलं. पोचू एकेक मेंढी धरायचा, ती स्पंज बसवून दोरा बाहेर सोडायची. ठरल्या दिवशी स्पंज ओढून काढले, सुया टोचल्या. मग पोचूने नराचं गोणपाट सोडलं. चैत्राच्या तोंडावर, सगळा माळ करपलेला असताना, कळप आषाढासारखा माजावर आला. “बाई, तू तं मोसमच बदलवला,” पोचू म्हणाला. सरिताला त्या रात्री आनंदाने जेवण गेलं नाही.

शेड आली नाही. एप्रिलमध्ये तिने फोन केला तर “प्रस्ताव वर गेला आहे” असं उत्तर आलं. मे महिन्यात फोन केला तर तेच उत्तर. माणसं जंगलात तेंदूपानं तोडायला गेली आणि टेकाडावरच्या मेंढ्या उन्हात हाडकुळ्या होत गेल्या. सुईमुळे एकेकीच्या पोटात दोन-दोन, तीन-तीन गर्भ राहिले होते आणि खायला वाळकी काटकी. काही मेंढ्यांनी खाणं सोडलं, कुडाला डोकं टेकवून उभ्या राहायच्या आणि तशाच बसायच्या. त्या पुन्हा उठल्या नाहीत. सरिता घरोघरी फिरून तांदळाचा कोंडा मागून आणायची. तो पुरेसा नव्हता.

श्रावणात मेंढ्या व्यायला लागल्या. पहिल्याच दिवशी एकीने चार कोकरं दिली. रुखमाबाईने चारही मांडीवर घेतली आणि तिलाही हसू आवरेना. सरिताने मोबाईलवर तिचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. खाली लिहिलं, “सर, शेड लवकर पाठवा.” डॉक्टरांनी फोटोला अंगठा दिला.

मग झड लागली. बांध्यांमध्ये धानाची रोवणी झालेली, त्यामुळे कळप खाली नेता येईना. जंगलात वाघाचं भय. मेंढ्या टेकाडावरच चिखलात उभ्या. आचळात दूध नाही. कोकरं भिजायची, खोकायची आणि सकाळी पोचू त्यांना पायाला धरून बाहेर काढायचा. रुखमाबाईने विणलेल्या घोंगड्या मेंढवाड्यावर अंथरल्या. त्याही गळायला लागल्या.

त्या चारांतलं एकही आठवडाभर जगलं नाही. बाकीच्यांतली जी उरली त्यांतली काही सरिताने टोपल्यात घालून घरी आणली, चुलीजवळ पोत्यावर ठेवली. गाईचं दूध कोमट करून बाटलीने पाजू लागली. अंजनाबाई तिच्याबरोबर जागी राहायची. एका कोकराची मान तिच्या हातात लुळी पडली तेव्हा ती म्हणाली, “या जिवायले अशा पाण्यात आणलं तरी कोणं?”

“म्या,” सरिता म्हणाली.

 अंजनाबाईने ते कोकरू पदराने पुसलं आणि बाजूला ठेवलं.

पोचूचं नुकसान तिथंच थांबलं नाही. मृगात मेंढ्या माजावर यायच्या तेव्हा त्या गाभण होत्या, त्यामुळे नेहमीचा मोसमही हातचा गेला. धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या, चारा होता, कोरडी हवा होती आणि कळपात कोकरू नव्हतं. दिवाळीनंतर पोचूने उरलेला कळप एका दलालाला देऊन टाकला आणि तो गडचांदूरकडे चुनखडीच्या खाणीवर कामाला गेला. रुखमाबाई घरीच राहिली. तिच्याकडे विणायला लोकर नव्हती.

हिवाळ्यात संस्थेने चंद्रपूरला कार्यक्रम घेतला. उत्कृष्ट पशुसखी म्हणून सरिताचं नाव पुकारलं गेलं. आपल्याला कशासाठी बोलावलं आहे ते तिला मंचावर गेल्यावर कळलं. मागच्या पडद्यावर रुखमाबाई दिसत होती, मांडीवर चार कोकरं, तोंडभर हसू. मोसमाबाहेर मेंढीमागे दोनाहून अधिक कोकरं जन्मल्याचं पाहुणे सांगत होते. टाळ्या वाजल्या. सरिताच्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. तिला माईक हवा होता. माईक पुढच्या नावाकडे गेला.

जेवणाच्या रांगेत तिने डॉक्टर धनराजांना गाठलं. “सर, ते सगळे कोकरं मेले. तुमाले माहीत होतं.”

“माहीत आहे,” ते हळू आवाजात म्हणाले. “शेडचं बजेट कापलं जाईल हे मला फेब्रुवारीतच कळलं होतं. मी थांबलो असतो तर दुसऱ्या कुणी केलं असतं.” मग त्यांनी ताटात भात वाढून घेतला.

गावात आल्यावर सरिता टेकाडावर गेली. रुखमाबाई दारात बसली होती.

“माहा फोटू दाखवला म्हणते तिथी?”

“हो.”

“कोकरं मेले, हे सांगतलं का?”

“नाई.”

“तू बी नाई सांगतलं?”

 रुखमाबाई उठून आत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. त्यानंतर ती सरिताशी कधी बोलली नाही. गावातल्या बाकीच्यांनी मात्र बकऱ्या दाखवणं सोडलं नाही. दुसरं कुणी नव्हतंच.

फेब्रुवारीत संस्थेने तिला आरमोरीला पाठवलं, नव्या पशुसखींना स्पंज बसवायला शिकवण्यासाठी. तिने सगळं नीट शिकवलं. शेवटी म्हणाली, “हे आता ठेवसान तं मेंढ्या पावसात व्यातीन. शेड डोळ्यानं पाह्यल्याबिगर एक बी स्पंज ठेवू नोका. माह्या हातानं एक कळप बुडाला.”

मागे बसलेल्या एका बाईने विचारलं, “पण बाई, मार्चअखेरच्या आत नाई ठेवले तं आमाले कामावर ठेवतीन का?”

संस्थेचा माणूस उठला आणि चहा आला आहे असं त्याने जाहीर केलं. बाया उठल्या.

सरिताला पुन्हा शिकवायला बोलावलं नाही. होळीच्या सुमारास आरमोरीकडच्या एका पशुसखीने तिला फोन करून विचारलं की स्पंजाचा दोरा आत तुटला तर काय करायचं. सरिताने तिला काय करायचं ते सांगितलं.