ती गाडीतून उतरली

फोन आला तेव्हा मी दाणे भाजत होते. शनिवारची दुपार होती. माझा नवरा विनायक आत झोपला होता आणि त्याचा फोन जेवणाच्या टेबलावर थरथरत होता, म्हणून मीच उचलला. पलीकडचा माणूस वनरक्षक होता, उत्तराखंडात तराईच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावातून बोलत होता. मी शैला मॅडमची कोण लागते असं त्याने विचारलं. मी म्हटलं, भाभी. त्यावर तो घरात कुणी पुरुषमाणूस आहे का म्हणाला… तेव्हाच मला कळलं. जे असेल ते मलाच सांगा, असं मी त्याच्यावर ओरडले आणि त्या बिचाऱ्याने सांगितलं. सकाळी गावात बिबट्या शिरला. त्याने दोघांना फाडलं आणि भुशाच्या कोठीत जाऊन लपला. लाठ्याकुऱ्हाडी घेऊन सगळा गाव जमला. मॅडमनी आपली गाडी कोठीच्या दारासमोर आडवी लावली. दगडफेक झाली, एक दगड त्यांच्या कानामागे बसला, आणि रुग्णालयात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी ऐकत होते आणि एका हाताने दाणे हलवत होते. ते कोळसा झाले तरी मी हलवतच होते.

शैला माझी नणंद, विनायकची धाकटी बहीण. वय चोपन्न, लग्न केलं नाही, गुरुग्रामच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होती आणि दिल्लीत, द्वारकेत आमच्यापासून दोन सेक्टर पलीकडे तिचा फ्लॅट. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहायचं असतं म्हणतात, पण मी तसं लिहिलं तर तीच वर बसून माझी हजेरी घेईल. शैला तापट होती. तिच्या सोसायटीत एका गृहस्थाने गाडीखाली झोपलेल्या कुत्रीला लोखंडी सळईने मारलं, तिची कंबर मोडली. शैलाने ती सळई त्याच्या हातातून हिसकावली, त्याच्या नव्या गाडीचे दोन्ही दिवे फोडले आणि सळई त्याच्या हातात परत दिली. पोलीस आले. माफी मागायला डबाभर बेसनाचे लाडू घेऊन कोण गेलं? मी. आमच्या घरात कामाची वाटणीच तशी होती, तिने फोडायचं आणि मी लाडू वळायचे. तिने त्यातला एक लाडू उचलून खाल्ला आणि तूप कमी पडलंय म्हणाली.

लाडू घेऊन जायची ही रीत माझ्या सासऱ्यांची. नोकरीनिमित्त तरुणपणी ते दिल्लीत आले आणि शेवटपर्यंत इथेच राहिले, पण त्यांचं एक वाक्य कधी बदललं नाही. आपण इथे पाहुणे आहोत. पाहुण्याने यजमानांच्या भांडणात पडू नये. बाहेर हिंदी बोलावी, मराठी घरात. रस्त्यावर गर्दी दिसली की गाडीची काच वर करावी आणि पुढे निघावं. मी पुण्याहून लग्न होऊन आले ती या नियमांत आली, आणि खरं सांगायचं तर मला ते पटले. आपण बरं, आपलं काम बरं. विनायकच्या अंगात तर ते रक्तासारखे होते. फक्त शैलाला ते मान्य नव्हते, आणि का नव्हते हे तिने मला एकदाच सांगितलं. ती शाळेत असताना दिल्लीत दंगल झाली होती. सरकारी क्वार्टरच्या खिडकीतून तिने पाहिलं, रोज कपडे इस्त्री करून आणून देणारा माणूस, त्याला केस धरून रस्त्यावरून ओढत नेत होते. सासऱ्यांनी खिडकी लावली, पडदा ओढला आणि तिच्यापुढे बीजगणिताचं पुस्तक ठेवलं. बाहेरून आवाज येत होता आणि ती समीकरणं सोडवत होती. सगळी बरोबर आली, वहिनी, असं ती म्हणाली होती… एकही चुकलं नाही.

दर वर्षी होळी झाली की ती तीन आठवड्यांची रजा काढायची आणि एकटी गाडी घेऊन उत्तरेला निघायची. आधी तराईचं जंगल, हत्तींचं आणि वाघांचं, मग वर चढत चढत बर्फ लागेपर्यंत. मागची सीट पाडून तिथे गादी, एक कुकर, माझ्या हातचं मेतकूट आणि दुर्बीण, एवढा तिचा संसार. परत आली की आमच्याकडे जेवायला यायची आणि माझी जेवणं उधळून लावायची. वाघिणीने सांबराचा गळा कसा धरला, पाय झाडत ते किती वेळ जिवंत होतं, पोट फाडल्यावर वाफ कशी निघाली, हे सगळं ती वरण-भात कालवता कालवता सांगायची. हमरस्त्यावर तीन माणसांनी मोटार आडवी घालून तिला थांबवलं, तर तिने एकाचं नाक स्टीलच्या डब्याने फोडलं. एकदा हत्तिणीने सुळे नसतानाही नुसत्या कपाळाने तिची गाडी नाल्यात ढकलली, दोन बरगड्या मोडल्या. त्या हत्तिणीबद्दल तिची एका शब्दाची तक्रार नव्हती. मी तिला म्हटलं, बाई, तू तिथे जीव रमवायला जातेस की मारामाऱ्या बघायला? तर म्हणाली, "तिथे कुणी रागाने नाही मारत, वहिनी. ते फक्त इथे, आपल्याकडे." मी तिच्या ताटात आणखी भात वाढला, कारण बोलण्यात तिला हरवणं मला कधी जमलं नाही.

आता ती गोष्ट, जी मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नाही. सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही दोघी एका बारशाला निघालो होतो, गुरुग्रामच्या पुढे अरवलीच्या पायथ्याशी कुणाचं तरी फार्महाउस होतं. गाडी शैला चालवत होती. वाटेतल्या गावाजवळ रस्ता माणसांनी भरलेला. शेतात जाळीत अडकलेला एक बिबट्या होता, अगदी तरुण, आणि चहूबाजूंनी लाठ्या पडत होत्या. लाठी पडली की जो आवाज यायचा तो ओल्या गादीवर पडल्यासारखा होता. माणसं हसत होती, फोनवर चित्रण करत होती. शैलाने गाडी थांबवली आणि दार उघडायला लागली. मी आधी चावी काढून घेतली, मग दोन्ही हातांनी तिचा दंड धरला. परकं गाव आहे, आपण दोन बायका आहोत, आपला काय संबंध, असं मी किंचाळत होते. ती सुटायला धडपडली, मी सोडेना, तेव्हा ती माझ्या मनगटाला चावली. खरोखर चावली, रक्त येईपर्यंत. तरी मी सोडलं नाही. अंगात इतकी ताकद कुठून आली कोण जाणे. बाहेरचा आवाज थांबला तेव्हा तिचा दंड माझ्या हातात सैल पडला. लोकांनी बिबट्याचे चारही पाय बांबूला बांधले आणि मिरवत नेला. आमच्या काचेजवळून जाताना त्याचं डोकं हलत होतं आणि एक डोळा बाहेर आला होता.

बारशाला आम्ही गेलोच. मी मनगटाला रुमाल बांधून पाळणा म्हटला. त्यानंतर वर्षभर शैला माझ्याशी बोलली नाही. मग विनायकला डेंग्यू झाला तेव्हा ती रुग्णालयात आली, माझ्या हातात थर्मास दिला, आणि तिथून पुन्हा सुरू झालं. त्या दिवसाचा विषय दोघींनीही काढला नाही. मला वाटलं, मिटलं. या वर्षी होळीनंतर ती निघायच्या आदल्या संध्याकाळी मी मेतकुटाचा डबा द्यायला तिच्याकडे गेले. ती गादी गुंडाळत होती. मी साठीला आले, गुडघे अजून शाबूत आहेत, एकदा बघू तरी हिचं जंगल, असं मनात आलं आणि मी म्हणून गेले, "शैला, मला ने ना एकदा." ती हसेल, चिडवेल असं वाटलं होतं. तिने हातातलं काम थांबवलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, "नाही गं वहिनी. ऐन वेळी तू माझा हात धरशील." मी डबा ओट्यावर ठेवला आणि चपला घालून निघून आले. आमची शेवटची भेट ती. चौथ्या दिवशी वनरक्षकाचा फोन आला.

या दीड महिन्यात हा एकच विचार मला पोखरतो आहे. मी तिच्याबरोबर असते तर मी तिचा हात धरला असता. शंभर टक्के धरला असता. तो बिबट्या मेला असता आणि शैला आज द्वारकेत असती, माझ्याशी न बोलता का होईना, पण असती. आणि ती हे जाणून होती म्हणूनच तिने मला नेलं नाही.

आम्ही तिला आणायला गेलो, तेव्हा पोलिसांनी गाडी ओळखायला त्या गावात नेलं. एकही काच शाबूत नव्हती. टपावर कुऱ्हाडीचे घाव होते. बिबट्या मात्र जिवंत होता, वनखात्याच्या लोकांनी त्याला त्याच दुपारी बेशुद्ध करून पिंजऱ्यात घालून नेलं होतं. गावातली माणसं लांब उभी होती, कुणाच्या हाताला बँडेज, कुणी बिडी ओढत होतं. यांच्यातल्याच एकाने… मी खाली वाकले आणि मुठीत मावेल एवढा दगड उचलला. एवढं आयुष्य लाडू वळण्यात गेलेली बाई मी, पण त्या क्षणी मी तो मारला असता, समोर जो येईल त्याच्या तोंडावर. विनायकने माझी मूठ धरली आणि एकेक बोट सोडवलं. तेवढ्यात एक म्हातारी काठी टेकत पुढे आली. देवकी तिचं नाव, तिच्याच मुलाचा हात बिबट्याने खांद्यापासून फाडला होता. तिच्या पायाला प्लॅस्टर होतं. मी हिंदीत तिला विचारलं, दगड कुणाचा होता? ती दुसरंच सांगायला आली होती.

"मैं गिर गई थी, बेटी. लोग मेरे ऊपर से जा रहे थे. मैडम गाड़ी में थीं, शीशे बंद थे, उन्हें कुछ नहीं होता. मुझे उठाने के लिए उतरीं."

आमच्यासोबत आलेल्या वनरक्षकानेही मान डोलावली. वनखात्याची माणसं अर्ध्या तासात पोचणार होती. शैला आत बसून राहिली असती तर काचा फुटल्या असत्या, चार टाके पडले असते, एवढंच. बिबट्यासाठी तिने गाडी आडवी घातली हे खरं, पण दार उघडून ती उतरली ती त्या म्हातारीसाठी, जिचा गाव शैलावर दगड फेकत होता. म्हातारीने माझ्या पायांना हात लावला. मी पाय मागे घेतले. त्या गावाला मी माफ केलेलं नाही, आणि माफ करून टाका सांगायला जी शहाणी माणसं भेटायला येतात त्यांना मी चहासुद्धा विचारत नाही. पण त्याहून जास्त राग मला शैलाचा आला. परतीच्या वाटेवर, दिल्ली येईपर्यंत मी मनातल्या मनात तिला शिव्या देत होते. आत बसायचं होतंस ना. काच बंद होती ना.

गेल्या मंगळवारी आम्ही नोएडाहून येत होतो. विनायक चालवत होता. द्वारकेच्या अलीकडे सिग्नलला गर्दी दिसली. पाच-सहा जण एका ई-रिक्षावाल्याला मारत होते, त्याची रिक्षा कुणाच्या तरी गाडीला घासली होती म्हणे. तो खाली पडला होता आणि त्याच्या पोटात लाथा बसत होत्या. विनायकने सवयीने काच वर केली. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी विनायककडे पाहिलं नाही. दार उघडलं आणि उतरले.

काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मी त्यांच्यात घुसले आणि ओरडायला लागले, आणि तोंडातून हिंदीचा एक शब्द फुटेना. चौतीस वर्षं या शहरात हिंदी बोलते आहे, पण त्या वेळी सगळं मराठीत. लाज नाही वाटत, मेल्यांनो, मरेल तो, सोडा त्याला. कुणाचं तरी कोपर माझ्या ओठावर बसलं आणि तोंडात रक्ताची चव आली. ही बाई काय बरळते आहे हे कळेना म्हणून असेल, पण ते क्षणभर थबकले. तेवढ्यात विनायक माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, गाडी रस्त्यात तशीच सोडून, पांढराफटक पडलेला. एक जण म्हणाला, "चलो यार, छोड़ो." ते गेले. रिक्षावाला उठला, आमच्याकडे न बघता रिक्षा लोटत निघून गेला.

गाडीत येऊन बसले तर पट्टा लावता येईना. गुडघे लटपटत होते, आणि उतरल्यापासून ते तसेच लटपटत होते हे मला तेव्हा कळलं. विनायक रडत होता. मी पदराने ओठ दाबून धरला. इतकी वर्षं मी समजत होते की शैलाला भीती वाटतच नाही, तिचा स्वभावच तसा, जित्याची खोड. हात धरणारी मी, म्हणजे भ्यायचं काम माझं आणि तिचं काम सोपं. शैला, तुझेही पाय असेच लटपटत होते का गं, दर वेळी? मी एकदा तरी विचारायला हवं होतं.