तुकडा की रस

लहान मुलं काय खातात याची पाहणी करणाऱ्या एक बाई तोंडवलीत आल्या की आमच्याच खानावळीत जेवतात. प्रश्न मोबाईलवर बघून शुद्ध मराठीत विचारतात. उत्तराचा संशय आला की मालवणीत शिरतात. कुणाच्या घरी चहा घेत नाहीत, कुणाच्या मुलाला गोड म्हणत नाहीत.

परवा माझ्या दीड वर्षाच्या लेकीचा नंबर लागला. काल तिने काय खाल्लं? बायको ठसक्यात म्हणाली, "मासे, आणि काय!"

"तुकडो की नुसतो रस गो?"

"रस," बायको पुटपुटली. तुकडे पर्यटकांच्या ताटात जातात, पोरीला कालवणाचा रसभात. बाईंनी माशापुढे 'नाही' केलं. मालवणच्या किनाऱ्यावर, माझ्या घरात!

मग स्वतःसाठी सुरमईचं ताट मागवून त्यांनी लेकीला मांडीवर घेतलं. काटे काढून अख्खा तुकडा तिला भरवला आणि स्वतः रसभात जेवल्या.

"आता तरी होय लिवा," मी चिडून म्हणालो.

"मी कालचा इचारतंय," म्हणत त्या हात धुवायला उठल्या.

त्या गेल्या तेव्हा मला बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी लेक रसभातात बोटं घालून कितीतरी वेळ तुकडा शोधत होती.