उरलेलं अर्धं पातं

काकूचा फोन आला तेव्हा मी नांदेडला कलेक्टर कचेरीच्या फाटकाशी पत्रकं वाटत उभा होतो. नव्या जिल्ह्याच्या मागणीची पत्रकं. लोक घेत होते, चालता चालता घडी घालत होते आणि पुढच्या वळणावर टाकून देत होते. "तुझे काका गेले रे," एवढं सांगून काकू लगेच म्हणाली, "येताना पात्यांचं पाकीट आण. तू गेल्यापासून त्यांची दाढी न्हाई झाली…" लातूरच्या बसमध्ये मी ते पाकीट मुठीत धरून बसलो होतो. रडू आलं नाही. मी तिथं पोचेपर्यंत कुणीतरी घाईनं त्यांना तसंच उचलेल, एवढी एकच भीती मनात होती.

यशवंतकाका, माझे सख्खे चुलते, रेल्वेच्या नांदेड कचेरीत नोकरीला होते. मूलबाळ नाही. सकाळी दाढी केल्याशिवाय त्यांनी कधी चहा घेतला नाही. कारण साधं आहे आणि ते मी साधंच सांगणार. देवणीजवळच्या आमच्या गावात न्हाव्याच्या दुकानात आमच्या लोकांना कधी बसू दिलं नाही. माझा आज्जा दाढीसाठी बाजाराच्या दिवशी पायी उदगीरला जायचा, जिथं त्याला कुणी ओळखत नव्हतं. आठवडाभर वाढलेली दाढी घेऊन वेशीतून जाताना लोक हसायचे. ज्यांनी ती वाढवायला लावली, तेच हसायचे. काकांनी हे लहानपणी पाहिलं होतं. पुढं शहरात कुणी अडवणारं नव्हतं, तरी ते सलूनच्या खुर्चीत कधी बसले नाहीत. कोपऱ्यावरचं एसीचं दुकान दाखवून मी एकदा म्हणालो, "इथं कोण जात विचारतंय?" तर म्हणाले, "ठाव हाय. ते अडवत न्हाईत. मीच बसत न्हाई."

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या दुष्काळात ते निवृत्त होऊन गावी परतले. न्हाव्याचं दुकान अजून तेच होतं, फक्त बापाच्या जागी मुलगा मालक झाला होता. आमच्या आळीतलं कुणी गेलं की तो म्हणायचा, "पाणीच न्हाई, दाढी बंद हाय." आणि आत खुर्चीत कुणीतरी तोंडाला फेस लावून बसलेलं असायचं. मी कॉलेजात होतो. आयुष्यातलं पहिलं पत्रक मी त्या दुकानावर लिहिलं. मोर्चा काढू, तक्रार नोंदवू, दुकानाला कुलूप ठोकू, असं बरंच त्यात होतं. काकांनी ते पूर्ण वाचलं. "चांगलं हाय. पण तुझा मोर्चा निघंपर्यंत लोकांनी दाढ्या घेऊन कुठं बसायचं, पुढारी?" ते मला तेव्हापासून पुढारीच म्हणायचे. तक्रार मी केली. चौकशीला आलेला माणूस त्याच दुकानात दाढी करून घेऊन निघून गेला. हे मी अजूनही सभेत सांगतो. लोक हसतात. मला अजून हसू येत नाही.

काकांनी उदगीरहून पातं बदलायचा वस्तरा आणला. जन्मभर साधं रेझर वापरलेला माणूस. या वस्तऱ्यात पातं कागदासकट मधोमध मोडून त्यातलं अर्धंच बसवायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. विचारणार कुणाला, त्या दुकानदाराला? त्यांनी अख्खं पातं घातलं. एक धार गालाकडं आणि दुसरी मागून बाहेर, बोटाकडं. पहिल्याच दिवशी गाल आणि बोट दोन्ही कापून घेतलं. शिवाय बोअरचं पाणी इतकं जड की साबणाला फेसच धरेना, म्हणून त्यांनी प्यायच्या जारमधलं वाटीभर घेतलं. काकू दारात येऊन उभी राहिली. "लोकं घोटासाठी लाईन लावून राहिलेत, अन् तुम्ही थोबाडाला पाजायलात!" काका रक्ताळलेल्या तोंडानं म्हणाले, "आज मी कमी पितो." आणि खरंच दिवसभर तहानेले बसले.

मग दर रविवारी, वंदना झाली की, बुद्धविहाराच्या पायरीवर लोक काकांपुढं दाढीला बसू लागले. एका चेहऱ्याला एक वाटी पाणी आणि अर्धं पातं. दुसरं अर्धं ते माझ्या शिल्लक पत्रकाच्या तुकड्यात गुंडाळून पुढच्या माणसाला ठेवायचे. माझ्या पत्रकांचा एवढा नेमका उपयोग दुसऱ्या कुणी केल्याचं मला आठवत नाही. हात त्यांचा शेवटपर्यंत बेताचाच होता. आळीतला एकही गाल त्यांनी न कापता सोडला नाही. लोक तुरटी घरूनच घेऊन यायचे.

पुढं मी लातूरला खोली करून राहिलो आणि नव्या जिल्ह्याच्या मागणीत पडलो. जिल्ह्याचं ठिकाण लांब असलं की साध्या दाखल्यासाठी माणसाचा दिवस आणि मजुरी बुडते, हे मला पटलेलं होतं, आजही पटतं. आम्ही काही पोरांनी जिल्हा जाहीर होईपर्यंत दाढी न करण्याची शपथ घेतली. हे ऐकून काका म्हणाले, "माझ्या बापाला लोकांनी दाढी ठेवायला लावली. तू हौसेनं ठेवून राहिलास व्हय?" मी म्हणालो, हा निषेध आहे. "असंल बाबा," ते म्हणाले. जिल्हा झाला नाही. घोषणा व्हायच्या, समित्या बसायच्या, दाढी वाढत राहिली…

मग काकांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि उपचारासाठी दोघं माझ्या खोलीवर आले. तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात मांडीवर पडून असायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी डाव्या हातानं वस्तरा माझ्यासमोर सरकवला. मी म्हणालो, साधं रेझर आणतो. मान हलली, न्हाई. विहाराच्या पायरीवर जे हत्यार चाललं, तेच हवं होतं. बोलणं अर्धवट, पण शिकवणी पुरी होती. पातं कागदातच मोड. अंगठ्यानं कातडी ताण. पातं उभं धरू नको, झोपव. केस जिकडं वळलेत तिकडंच आधी. वारं गेलेला गाल सैल पडला होता, ताणलेला राहायचाच नाही. पातं घसरेल म्हणून मी जोर द्यायचो. "दाबू नको," ते कसंबसं म्हणायचे. "पत्रक… लिहितोस तसं… दाबू नको." काकू हसायची. मी मोर्चात पोलिसांसमोर उभा राहिलोय, पण त्या हनुवटीखालच्या खळग्याशी वाटायची तशी भीती मला कुठं वाटली नाही.

अशाच एका सकाळी, अर्ध्या तोंडाला फेस असताना, ते म्हणाले, "मी गेल्यावर… केस द्यायचे न्हाईत कुणी. आपण ते सोडलंय." मयतानंतरचं मुंडण बौद्ध झाल्यापासून आमच्या घरात बंद होतं. मी हो म्हणालो.

त्या दिवशी नांदेडहून खोलीवर पोचलो तर काकूनं कुणाला हात लावू दिला नव्हता. वाटीत पाणी काढून ठेवलं होतं. मी नवं पातं मोडलं. या खेपेला गाल ताणलेला राहिला आणि दाबू नको म्हणणारं कुणी नव्हतं. कुठं कापलं नाही. उरलेलं अर्धं पातं मी खिशातल्या पत्रकात गुंडाळलं. काकांना गावी नेल्यावर भावकीतल्या म्हाताऱ्यांनी मला बाजूला घेतलं. "लेकरू न्हाई त्याला, तूच लेक. निदान दाढी तरी काढ." मी न्हाई म्हणालो. खरं तर तेव्हा पहिल्यांदा मला ती काढून टाकावीशी वाटत होती, काकांना माझा साफ चेहरा दाखवावासा वाटत होता. पण त्या दिवसांत काढली असती तर लोकांनी ‘शेवटी केस दिलेच’ म्हटलं असतं. शपथेचा विचार मनातही आला नाही. काकांचा शब्द म्हणून मी दाढी ठेवली.

काकांसाठीचा पुण्यानुमोदनाचा विधी होऊन आता बरेच दिवस झाले. कुणी बघत नाही, कुणी विचारत नाही. गेल्या शनिवारी मी ते पत्रक उलगडलं आणि अर्धं पातं वस्तऱ्यात बसवलं. काकूनं न सांगता वाटी आणून ठेवली आणि मी माझी दाढी उतरवली. संध्याकाळी समितीतला एकजण चहाच्या गाड्यावर ओरडला, "काय रे, जिल्हा झाला का?" म्हणालो, "न्हाई झाला. पत्रकं सोमवारी दे, वाटतो." भांडायचं त्राण नव्हतं.

रविवारी गावी गेलो. दुकान तेच, बोर्ड नवा. वंदना झाल्यावर विहाराच्या पायरीवर वाटी ठेवली. बराच वेळ कुणी आलं नाही. मग काकांच्या वयाचे धोंडिबाआबा काठी टेकत आले आणि शर्टाचं वरचं बटण काढून समोर बसले. काका आजारी पडल्यापासून वाढलेली दाढी होती. "जय भीम, पुढारी," ते म्हणाले. खिशातून तुरटीचा खडा काढून त्यांनी वाटीशेजारी ठेवला. मी पातं मोडलं, अर्धं पत्रकात गुंडाळून बाजूला ठेवलं आणि अंगठ्यानं त्यांचा गाल ताणला.