ब्रुनो कशाने गेला

ब्रुनो कशाने मेला, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे — मी सांगितलं ते. खरं काय ते आज पहिल्यांदाच कुणाजवळ बोलतेय.

नवरा जहाजावर. गुहागरची आंब्याची बाग मी बघते, आणि दरारा ठेवून बघते. माझ्यापुढे कोणी ब्र काढत नाही. ब्रुनो आमचा कुत्रा, नवऱ्याचा जीव की प्राण. त्या वर्षी त्याच्या नाकाकानांची कातडी सोलवटली, डोळ्यांभोवतीचे केस गेले, ताप उतरेना. गुरांच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. म्हणाले, वाळूमाशीचा आजार दिसतोय, आपल्याकडे सहसा आढळत नाही. माशी चिलटाहून बारीक, भिंतीच्या चिऱ्यांच्या फटींत नि शेणात राहते. फटी बुजवा, गोठा स्वच्छ ठेवा, औषध सुरू करू — वाचेल.

वाचेल म्हणाले होते हो ते.

पण मला धीर कुठला? मोहोरावर मारायचं औषध पडवीत होतंच. त्याने तुडतुडे मरतात, तर ही एवढीशी माशी नाही मरणार? गोठ्याच्या भिंती फवारल्या. आणि मग — पंपात उरलं ते ब्रुनोच्या अंगावर मारलं. उघड्या जखमांवर. तो शेपूट हलवत उभा राहिला. मीच होते ना समोर, परकी थोडीच?

थोड्या वेळात तोंडाला फेस आला, पाय ताठ झाले. डॉक्टरांना फोन लावला नाही मी. का? त्याच्या अंगाचा वास त्यांनी लगेच ओळखला असता.

नवऱ्याचा फोन आला. काय झालं म्हणून विचारलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं — आणि मी म्हटलं, गुरख्याने काहीतरी खायला घातलं असावं. आमच्या बागेत राखणीला नेपाळी होता, बीर. ब्रुनो त्याच्याच खोपीत झोपायचा. नवरा म्हणाला, आजच्या आज हाकल त्याला. ऐन हंगामात कुठे जाणार होता तो? असा काढलेला राखणदार इथे दुसरा बागवाला ठेवत नाही, हे मला माहीत नव्हतं का?

"वहिनी, मी नाय दिला काय," एवढंच म्हणाला. मी मान वळवली. ब्रुनोला पुरलं तिथे तो चपला काढून उभा राहिला, मग गाठोडं उचलून गेला.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, भांडला का? मी म्हटलं, "नाही. गुपचूप गेला. चोराच्या मनात चांदणं."