उघडलेले ओठ

जर्मनीत हायडेलबर्गला रसायनशास्त्रात डॉक्टरेट करत होतो तेव्हा नेकार नदीच्या वर, चढावरच्या एका घरात मी भाड्याने राहायचो. दुसरं महायुद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली असतील. घरमालकीणबाई विधवा होत्या. त्यांचे यजमान शाळेत इतिहास शिकवायचे, तरुणपणी उत्खननाच्या कामावर इजिप्तलाही राहून आले होते. एकुलता एक मुलगा रशियाच्या आघाडीवर बेपत्ता झाला. त्याचं काहीच हाती आलं नव्हतं.

जेवणघरात खिडकीशी त्या मुलाचं लाकडी मस्तक होतं. बाईंनी फोटोवरून कोरून घेतलेलं. रविवारी दुपारी त्याच्यासमोर आधी पाव आणि बिअर ठेवायच्या, मग आम्हा दोघांची ताटं.

"माणूस मेला तरी त्याचा 'का', म्हणजे त्याचा प्राण, मागे राहतो, असं इजिप्तचे लोक मानायचे," त्यांनी मला सांगितलं. "त्याला भूक लागते. परत यायला देह लागतो. देह नसला तर मूर्ती चालते."

"पण हे राजांसाठी ना?"

"आधी फक्त राजांसाठी. राजा जिवंतपणी होरस देव, मेल्यावर ओसिरिस, मृतांचा देव. पुढे साध्या माणसांनीही तो हक्क घेतला. माझा मुलगा कुठे राजा होता? पोस्टात होता."

नुसती मूर्ती करून भागत नाही, तिचं तोंड उघडावं लागतं, असंही त्या म्हणाल्या. यजमानांच्या सामानातली एक छोटी छिन्नी त्यांनी त्या लाकडी ओठांना टेकवली होती, त्याला खाता यावं, बोलता यावं म्हणून. मला आपल्याकडची प्राणप्रतिष्ठा आठवली. त्यामुळे हसू नाही आलं.

मग घरून तार आली. वडील गेले होते. बोटीने पोचायला तीन आठवडे. जाण्यात अर्थ नव्हता. थोरल्या भावाने अग्नी दिला होता.

"जाळलं?" बाईंचा हात तोंडावर गेला. "मग ते परत कुठे येणार?"

"परत यायला लागू नये, मोकळं व्हावं, म्हणूनच जाळतात."

"आणि त्यांना यायचं असलं तर?"

मी तार पुन्हा उघडून वाचली.

पुढच्या रविवारी माझ्या टेबलावरचा वडिलांचा फोटो त्या मस्तकाशेजारी उभा होता. समोर पाव. फोटोतल्या ओठांवर बारीकसा ओरखडा. मी रागावायला हवं होतं. मी खुर्ची ओढली आणि जेवलो.

त्यानंतर मला वडिलांचा खोकला ऐकू यायला लागला. त्यांना दमा होता. दोनदा तुटक खोकायचे, मग घसा खाकरायचे. प्रयोगशाळेत, ग्रंथालयात, जिन्यात. एकदा बेकरीच्या रांगेत मी वळून "काय हो अण्णा?" असं मोठ्याने म्हणालो. पुढची बाई मुलाला जवळ ओढून घेत सरकली. भीती वाटायची, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त ओढ वाटायची. प्रयोग अर्धवट टाकून मी कान देऊन बसायला लागलो. काम बिघडू लागलं.

शेवटी मी बाईंना म्हणालो, "मला त्यांना निरोप द्यायचाय."

त्या माझ्याबरोबर नदीवर आल्या. तीळ मिळाले नव्हते, ओंजळीत तांदूळ घेतले. दक्षिण कुठली विचारल्यावर त्यांनी छत्रीने दाखवली. मी वडिलांचं नाव घेऊन पाणी सोडलं. पाणी इतकं गार होतं की बोटं बधिर झाली. मग मी विचारलं, "तुमच्या मुलासाठीही पाणी सोडू?"

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "नाइन, नाही. तुम्ही पाठवून द्याल त्याला. मी नाही पाठवणार."

वडील पुन्हा आले नाहीत. कामाची घडी बसली. काही दिवसांनी बाईंनी विचारलं, "येतात?"

"नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझे वडील आत्ताच गेले होते. खांद्यावर हात ठेवला आणि आत गेल्या.

त्या घरात मी अजून वर्षभर राहिलो. संध्याकाळी जिना चढताना जेवणघरातून बाईंचा आवाज यायचा. हवापाण्याचं, शेजाऱ्यांचं काहीबाही मुलाला सांगत असायच्या. मध्येच थांबायच्या. मीही पायरीवर थांबायचो. आत काही ऐकू यायचं नाही, आणि मग बाई एकदम, अगदी मोकळं हसायच्या.